जपून ठेवलेलं स्वस्त, खेळून टाकलेलं महाग! जुन्या बाजारातल्या ॲक्शन फिगरचं गणित काय आहे?

महिन्याचा दुसरा रविवार. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात पॅसाडेना नावाचं शहर आहे. तिथल्या रोझ बोल स्टेडियमच्या आवारात जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. सगळ्यांच्या आधी आत जायचं असेल तर जास्त पैशांचं तिकीट काढावं लागतं, आणि ते काढणारेही बरेच असतात. फर्निचर, जुने कपडे, गाण्यांच्या तबकड्या, कॅमेरे असं सगळं मांडलेलं असतं. त्यात एखादा माणूस जमिनीवर उकिडवा बसून प्लॅस्टिकच्या टबात हात घालतो, बोटाएवढा एक रंग उडालेला बाहुला बाहेर काढतो आणि त्याचं तोंड बघायच्या आधी त्याच्या पायाची मागची बाजू बघतो.

तिथे बारीक अक्षरात काहीतरी कोरलेलं असतं. ते वाचून तो एकतर बाहुला परत टबात टाकतो, नाहीतर शांतपणे विचारतो, "याचे किती?"

हा माणूस ॲक्शन फिगर जमवणारा आहे. सिनेमा आणि टीव्ही मालिकांमधल्या पात्रांचे हे छोटे बाहुले जमवणारे लोक जगभर आहेत. त्यांच्यामुळेच २०२४ साली अशा एका बाहुल्याला लिलावात ५ लाख २५ हजार डॉलर मिळाले. तेव्हाच्या दराने ही रक्कम ४ कोटी ३५ लाख रुपयांच्या पुढे जाते. पण त्याच सिनेमाचे दुसरे बाहुले आज मूठभर पैशांतही कुणी घेत नाही.

असं का होतं? आणि बाजारात उभं राहून खरं-खोटं ओळखायचं कसं? जरा सविस्तर बघूया.

बाहुलीला 'बाहुली' म्हणायचं नव्हतं

'ॲक्शन फिगर' हा शब्द आला तो एका अडचणीतून. १९६४ साली अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने 'जीआय जो' नावाचा सैनिक बाजारात आणला. जवळपास फूटभर उंच, कपडे बदलता येणारा, हातपाय हलणारा. म्हणजे खरं तर बाहुलीच. पण मुलगे बाहुली घेणार नाहीत, त्यांचे वडीलही घेऊ देणार नाहीत, ही कंपनीला भीती. म्हणून तिला नवं नाव दिलं गेलं, ॲक्शन फिगर. हे नाव पुढे सगळ्या धंद्याचंच झालं.

१९७० च्या दशकात हे मार्केट गाजवलं मेगो नावाच्या कंपनीने. सुपरहिरो, 'प्लॅनेट ऑफ द एप्स', 'स्टार ट्रेक' यांचे आठ इंची, कापडी कपड्यांचे बाहुले मेगोने काढले. तेव्हा एका नव्या अंतराळपटाची खेळणी बनवायचा प्रस्तावही मेगोकडे आला होता. मेगोने तो नाकारला.

त्या सिनेमाचं नाव होतं 'स्टार वॉर्स'.

रिकामा डबा विकला, आणि लोकांनी तो घेतला

हा परवाना शेवटी मिळाला ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरातल्या केनर कंपनीला. २५ मे १९७७ ला सिनेमा लागला आणि थिएटरबाहेर रांगा लागल्या. पण खेळणी तयारच नव्हती. साचे बनवा, हाँगकाँगमधून माल बनवून आणा, त्यावर रंगकाम करा, याला महिने लागतात. अमेरिकेत खेळण्यांचा सगळ्यात मोठा हंगाम म्हणजे ख्रिसमस आणि त्या ख्रिसमसला केनरकडे विकायला एकही फिगर नव्हती.

मग कंपनीने एक अफलातून गोष्ट केली. पुठ्ठ्याचं एक पाकीट विकायला ठेवलं. आत चित्रं, स्टिकर आणि एक प्रमाणपत्र. ते प्रमाणपत्र पोस्टाने पाठवायचं आणि १९७८ मध्ये घरी चार फिगर येणार: ल्यूक स्कायवॉकर, प्रिन्सेस लेया, च्युबाका आणि आरटूडीटू. 'अर्ली बर्ड' नावाची ही योजना खेळण्यांच्या इतिहासात 'रिकाम्या डब्याची योजना' म्हणून ओळखली जाते.

१९७८ मध्ये पहिल्या १२ फिगर दुकानात आल्या. उंची पावणेचार इंच, म्हणजे साधारण साडेनऊ सेंटिमीटर. हा आकार निवडण्यामागे साधा हिशोब होता. या सिनेमात अंतराळयानं महत्त्वाची होती. बाहुला फूटभर केला असता तर त्याला बसायला यान केवढं करावं लागलं असतं? बाहुला लहान झाला तशी यानं परवडू लागली आणि एका फिगरची किंमतही दोन डॉलरच्या आसपास राहिली. एका मुलाकडे एक बाहुला असण्याऐवजी दहा-वीस बाहुले येऊ लागले. पुढे जीआय जोनेसुद्धा १९८२ मध्ये हाच आकार घेतला.

१९७८ ते १९८५ या काळात केनरने या मालिकेत ९० हून अधिक वेगवेगळ्या फिगर काढल्या. आज जमवणारे ज्याला 'व्हिंटेज' म्हणतात तो हाच काळ.

मग हे सगळे गेले कुठे?

कोट्यवधी फिगर विकल्या गेल्या. तरी आज चांगल्या अवस्थेतली फिगर शोधावी का लागते? कारण अगदी साधं आहे. मुलं त्यांच्याशी खेळली.

वाळूत पुरली, आंघोळीच्या टबात बुडवली, गच्चीवरून फेकली. पुठ्ठ्याचं कार्ड आणि प्लॅस्टिकचं आवरण पहिल्याच दिवशी कचऱ्यात गेलं. सुपारीच्या खांडाएवढी बंदूक आठवडाभरात सोफ्याखाली गेली. मुलं मोठी झाली, आईने खोकं भरून कुणाला तरी देऊन टाकलं. खेळणं म्हणून या बाहुल्यांनी आपलं काम चोख केलं, म्हणून ते शिल्लक राहिले नाहीत.

आता याच्या उलट बाजू बघा. १९९० च्या सुमारास जुन्या फिगरना किंमत येतेय हे लोकांच्या लक्षात आलं. १९९५ मध्ये केनरने 'स्टार वॉर्स'च्या नव्या फिगर काढल्या तेव्हा लोकांनी त्या मुलांसाठी घेतल्याच, पण 'पुढे लाखो मिळतील' म्हणून पेट्याच्या पेट्या भरूनही ठेवल्या. १९९९ मध्ये 'एपिसोड वन' आला तेव्हा तर दुकानं मालाने ओसंडून वाहिली. कुणी पाकीट फोडलं नाही, कुणी कार्ड वाकू दिलं नाही. परिणाम? आज त्या सीलबंद फिगर ढिगाने मिळतात आणि त्यातल्या बहुतेकांना जवळपास मूळ किमतीइतकाही भाव येत नाही.

या छंदाचं सगळं अर्थशास्त्र या एका उलट्या गणितात आहे. सगळ्यांनी जपून ठेवलेली वस्तू स्वस्त होते. जी जपायची कुणाच्या डोक्यातही आलं नाही, ती महाग होते. त्यामुळे 'ही तीस वर्षं जुनी आहे' या वाक्याला जुन्या बाजारात काडीची किंमत नाही. वस्तू कितीशी उरली आहे आणि पूर्ण आहे का, हे दोनच प्रश्न खरे.

चार कोटींची फिगर दुकानात कधी आलीच नव्हती

आता त्या ५ लाख २५ हजार डॉलरच्या बाहुल्याकडे येऊ. तो बोबा फेट नावाच्या पात्राचा आहे.

१९७९ मध्ये केनरने जाहीर केलं की चार फिगरच्या खरेदीचे पुरावे पाठवा आणि पाठीवरून रॉकेट उडवणारा बोबा फेट फुकट मिळवा. मुलांनी पुरावे पाठवलेही. पण त्याच सुमारास दुसऱ्या एका मालिकेच्या, म्हणजे 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'च्या खेळण्यातलं उडणारं क्षेपणास्त्र घशात अडकून एका लहान मुलाचा जीव गेला होता. केनरने धोका पत्करला नाही. रॉकेट पाठीला कायमचं चिकटवून टाकलं आणि तसाच बोबा फेट मुलांच्या घरी गेला. जाहिरातीतल्या रॉकेटच्या चित्रावर स्टिकर लावले गेले.

रॉकेट उडवणारे काही नमुने मात्र कंपनीत चाचणीसाठी बनले होते आणि त्यातले थोडे कर्मचाऱ्यांकडे राहिले. २०२४ मध्ये हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात विकला गेला तो यातलाच, हाताने रंगवलेला एक नमुना.

बाजारात फिरणाऱ्याने यातून लक्षात ठेवायची गोष्ट एकच. रॉकेट उडवणारा बोबा फेट कधीही कोणत्याही दुकानात विकला गेला नाही. त्यामुळे एखाद्या टबात तो सापडला तर तो हमखास नंतर बनवलेला आहे. 'आमच्या मामाने अमेरिकेतून आणला होता' ही गोष्ट कितीही गोड वाटली तरी.

फ्ली मार्केट म्हणजे कुठे कुठे?

'फ्ली मार्केट' हा शब्द फ्रेंचमधून आला, शब्दशः अर्थ पिसवांचा बाजार. पॅरिसच्या वेशीवर सेंट उआं भागात जुन्या वस्तूंचा असा बाजार आजही चालतो. अमेरिकेत रोझ बोलशिवाय मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रिमफील्डचा बाजार प्रसिद्ध आहे. तो वर्षातून तीनदा, मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये भरतो. ब्रिटनमध्ये 'कार बूट सेल' असतो. लोक रविवारी मोकळ्या मैदानात गाड्या लावतात, डिकी उघडतात आणि घरातली अडगळ विकतात. ब्रिटनमध्ये 'स्टार वॉर्स'च्या फिगर पॅलिटॉय कंपनीने विकल्या होत्या, त्यामुळे तिथल्या डिक्यांमधून आजही त्या निघतात.

ऑनलाइन सगळं मिळत असताना लोक पहाटे उठून मैदानात का जातात? कारण ऑनलाइन विकणाऱ्याने भाव आधीच बघून ठेवलेला असतो. बाजारात मात्र पोटमाळा रिकामा करायला आलेलं एखादं कुटुंब असतं. त्यांना जागा हवी असते. शिवाय वस्तू हातात घेऊन, उलटीसुलटी करून बघता येते. फोटोत सांध्यांचा सैलपणा दिसत नाही, चिकटपणा कळत नाही आणि वासही येत नाही.

अर्थात, आज बाजारातल्या विक्रेत्याच्या खिशातही फोन आहे. दोन डॉलरला खजिना मिळण्याचे दिवस बरेचसे गेले. नेमाने जाणाऱ्यांचे बहुतेक रविवार रिकाम्या हाताने परत येण्यातच जातात.

हातात घेतल्यावर काय बघायचं?

१. पायामागची अक्षरं. केनरच्या सुरुवातीच्या फिगरच्या पायामागे इंग्रजीत 'जीएमएफजीआय १९७७' आणि 'हाँगकाँग' असं कोरलेलं सापडतं. ही अक्षरं म्हणजे 'जनरल मिल्स फन ग्रुप इन्कॉर्पोरेटेड'. केनर तेव्हा जनरल मिल्स या खाद्यपदार्थांच्या कंपनीच्या मालकीची होती. नंतरच्या फिगरवर 'एलएफएल', म्हणजे लुकासफिल्म लिमिटेड, असं येतं. काहींवर तैवान किंवा चीन असतं, तर काही साच्यांतून देशाचं नाव खोडून टाकलेलं असतं. इथे नवखे लोक एक चूक हमखास करतात. कोरलेलं वर्ष हे हक्कनोंदणीचं असतं, उत्पादनाचं नाही. १९८३ मध्ये बनलेल्या ल्यूकच्या पायावरही १९७७ च लिहिलेलं असतं.

२. हातातली वस्तू. बंदूक, काठी, झगा. या खेळात खरी किंमत या बारीकसारीक वस्तूंना आहे, कारण त्या सगळ्यात आधी हरवल्या. नुसती फिगर आणि पूर्ण फिगर यांच्या भावात मोठा फरक पडतो. म्हणून मुरलेला माणूस आधी टबाचा तळ चाचपतो.

३. सांधे. फिगर उभी राहते का, हात वर केल्यावर तसाच राहतो का ते बघा. १९८२ नंतरच्या जीआय जोमध्ये धड आणि पाय यांना जोडणारी रबराची रिंग असते. ती वर्षांनुवर्षं पडून तुटते आणि फिगरचे दोन तुकडे होतात. असा तुटका जो बघून घाबरायचं कारण नाही, रिंग बदलता येते आणि ती स्वस्त असते. अंगठे मात्र नीट बघा. घट्ट बंदूक पकडून पकडून ते तुटतात आणि अंगठ्याला इलाज नाही.

४. रंग. नाक, केस, बूट या उंचवट्यांवरचा रंग आधी जातो. तो थोडा गेलेला असणं नैसर्गिक आहे. पन्नास वर्षांच्या फिगरवर रंग अगदी ताजा, जाड आणि चकचकीत दिसत असेल तर कुणीतरी नंतर रंगवलेली असू शकते.

५. कार्ड. पाकीटबंद फिगर मिळालीच तर पुठ्ठ्याच्या मागे किती फिगरची चित्रं आहेत ते मोजतात. सगळ्यात पहिल्या कार्डांवर १२ फिगर दिसतात म्हणून त्यांना 'ट्वेल्व्ह बॅक' म्हणतात. मालिका वाढत गेली तशी ही संख्या वाढली आणि शेवटच्या काळात ९२ वर गेली. संख्या जितकी कमी तितकं कार्ड आधीचं.

जावाचा झगा आणि इतर फसवणुकी

जिथे पैसा आला तिथे नकली माल आलाच. या छंदातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आहे 'जावा' नावाच्या बुटक्या पात्राचं.

सुरुवातीला जावाला पातळ व्हिनाइलचा झगा होता. थोड्याच दिवसांत केनरने तो बदलून कापडी झगा दिला. त्याच किमतीत एवढीशी फिगर आणि वर प्लॅस्टिकचा झगा म्हणजे लोकांना स्वस्तातला माल वाटेल, हे त्यामागचं कारण मानलं जातं. त्यामुळे व्हिनाइल झग्याचा जावा दुर्मीळ झाला आणि त्याचा भाव कापडी झग्याच्या जावापेक्षा कितीतरी पट वर गेला. मग लोकांनी काय केलं? ओबीवान केनोबीच्या फिगरलाही व्हिनाइलचा झगा होता. तो कापला आणि जावाला घातला! बाजारात फिरणारे व्हिनाइल जावा अनेकदा असे निघतात.

असंच बंदुकांचं. नव्याने बनवलेल्या हुबेहूब बंदुका आज सहज मिळतात. हौसेसाठी त्या वापरणं गैर नाही, पण अस्सल म्हणून विकणं ही फसवणूक आहे. जुन्या मंडळींची एक परीक्षा प्रसिद्ध आहे. बंदूक पाण्यात टाकायची. अस्सल असेल तर ती बहुतेक वेळा तरंगते. पण आता तरंगणाऱ्या नकली बंदुकाही बनतात, म्हणून एवढ्या एका परीक्षेवर विसंबू नये. खात्रीच्या फिगरमधली बंदूक शेजारी ठेवून रंग, कडा आणि बारकावे जुळवणं जास्त भरवशाचं.

तिसरा गोंधळ फसवणुकीचा नाही, पण अज्ञानाचा आहे. हॅस्ब्रोने १९९१ मध्ये केनरची मालकी घेतली. २०१९ पासून हॅस्ब्रोनेच 'रेट्रो कलेक्शन' नावाने जुन्या धाटणीच्या फिगर काढल्या, मुद्दाम झिजल्यासारख्या दिसणाऱ्या कार्डांवर. त्यातल्या पहिल्या फिगरपैकी एक होती ग्रँड मॉफ टार्किन या खलनायकाची. गंमत म्हणजे जुन्या काळात केनरने टार्किनची फिगर कधी बनवलीच नव्हती. त्यामुळे '१९७७ चा अस्सल टार्किन' म्हणून कुणी काही दाखवलं तर हसून पुढे जायचं.

आणि एक उलटं टोक. तुर्कस्तानात १९८० च्या दशकात परवाना न घेता 'उझाय' नावाने 'स्टार वॉर्स'च्या नकली फिगर निघाल्या. विचित्र रंग, विचित्र नावं. त्याच नकली फिगर आज अस्सलपेक्षा महाग विकल्या जातात, कारण त्या खरोखर त्या काळच्या आहेत. म्हणजे त्या काळची नक्कल हा इतिहासाचा भाग होतो. आज बनवलेली नक्कल फक्त नक्कलच राहते.

महागड्या वस्तूंसाठी लोक तज्ज्ञ संस्थांकडून प्रमाणपत्र घेतात. 'ॲक्शन फिगर ऑथॉरिटी', म्हणजेच एएफए, ही त्यातली जुनी अमेरिकन संस्था. ती फिगर तपासते, शंभरपैकी गुण देते आणि पारदर्शक पेटीत सील करते. पण चार-पाचशे रुपयांच्या फिगरसाठी हा खटाटोप कुणी करत नाही.

घरी आणल्यावर काय करायचं आणि काय नाही

कोमट पाणी, थोडा भांडी घासायचा साबण आणि मऊ टूथब्रश, एवढंच पुरतं. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर लावला तर मळासोबत रंगही जातो. आरटूडीटूच्या अंगाभोवती स्टिकर असतो, तो भिजवायचा नाही. सीथ्रीपीओची सोनेरी चमक हा धातूचा अतिशय पातळ थर असतो. चांदीच्या भांड्यासारखा घासलात तर हातात पांढुरका रोबो उरेल.

काही फिगरचे हातपाय चिकट लागतात. तो मळ नसतो. मऊ प्लॅस्टिकमध्ये घातलेलं रसायन वर्षांनी हळूहळू बाहेर झिरपत असतं. साबणाने तात्पुरतं जातं, पण बंद पिशवीत कोंडून ठेवलं तर वाढतं. पांढऱ्या फिगर, उदाहरणार्थ स्टॉर्मट्रूपर, उन्हाने पिवळ्या पडतात. हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून त्या पांढऱ्या करायची पद्धत आहे, पण पिवळेपणा परत येऊ शकतो आणि असं केल्याचं विकताना लपवलं तर ती फसवणूकच. सावली, कोरडी हवा आणि मुंबई-कोकणासारख्या दमट ठिकाणी डब्यात सिलिका जेलची पुडी, हा सगळ्यात सोपा उपाय.

या गोष्टीत गोवा कुठून आला?

इथवर सगळं अमेरिका आणि युरोपचं झालं. पण या छंदाचा एक धागा थेट गोव्यात येतो.

१९८७ मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून फनस्कूल ही कंपनी सुरू केली. तिचा कारखाना गोव्यातल्या खोर्लीला. हॅस्ब्रोचे साचे भारतात आले आणि फनस्कूलने जीआय जो इथेच बनवायला सुरुवात केली. साचे तेच, पण प्लॅस्टिक आणि रंग इथले. त्यामुळे अमेरिकेत हिरवा असलेला सैनिक इथे भलत्याच रंगात निघायचा. कधी दोन वेगळ्या पात्रांचे अवयव एकत्र येऊन नवाच सैनिक तयार व्हायचा. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये वाढलेल्या अनेकांना ती पाकिटं वाढदिवसाच्या भेटीतून आठवत असतील.

तेव्हा हे रंग 'चुकलेले' वाटले असते. आज तेच फनस्कूलच्या फिगरचं वैशिष्ट्य आहे. परदेशातले जीआय जो जमवणारे भारतातली ही आवृत्ती मुद्दाम शोधतात, कारण ती दुसऱ्या कुठेच मिळत नाही. टीव्हीवरच्या 'ही-मॅन'चंही तसंच. मॅटेलच्या या फिगर भारतात 'लिओ' या नावासह विकल्या गेल्या होत्या आणि भारतीय पाकिटातला ही-मॅन हा बाहेरच्यांच्या दृष्टीने वेगळा नग आहे.

आणि इथेही तेच उलटं गणित लागू होतं. आपल्याकडे पुठ्ठ्याचं पाकीट जपून ठेवायचा विषयच नव्हता. ते फाडलं, फिगरशी खेळून झालं, धाकट्या भावाकडे गेली, मग शेजारच्या मुलाकडे, आणि शेवटी दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे.

मुंबई-पुण्यात मिळतं का?

खरं सांगायचं तर आशा फार मोठी ठेवू नये. मुंबईत भेंडी बाजाराजवळ मटण स्ट्रीटवर चोर बाजार आहे. ग्रामोफोन, दिवे, घड्याळं आणि विशेषतः सिनेमाची जुनी पोस्टर यासाठी तो ओळखला जातो. शुक्रवारी पक्की दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुन्या मालाचा जुम्मा बाजार भरतो. किरकोळ खेळणी मिळायची शक्यता तिथे जास्त. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथे लोखंडी हत्यारं, सुटे भाग, नाणी यांच्या ढिगात कधीतरी प्लॅस्टिकचा एखादा सैनिक दिसतो.

आपल्याकडे केनरचा 'स्टार वॉर्स' सापडणं कठीणच, कारण त्या काळात त्या फिगर इथे फारशा आल्याच नाहीत. फनस्कूल आणि लिओचा माल मात्र इथलाच आहे. तो बाजारात येण्याआधी कुणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेत असतो. म्हणून आपल्याकडचा सगळ्यात चांगला जुना बाजार म्हणजे बऱ्याचदा मामाचा किंवा आत्याचा माळा असतो.

परदेशातून मागवायचं असेल तर आधी कस्टम ड्युटीचा हिशोब करा. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेलं गेलं होतं. दर वेळोवेळी बदलतात, त्यामुळे मागवण्याआधी सध्याचा दर बघून घ्या. नाहीतर बाहुल्यापेक्षा पार्सल महाग पडायचं.

गुंतवणूक म्हणून घ्यावं का?

बहुतेक वेळा नाही. कोटींचे आकडे बातम्यांत येतात ते मोजक्या नमुन्यांचे. खूप विकल्या गेलेल्या पात्रांची सुटी, खेळलेली फिगर आजही १०-२० डॉलरच्या घरात मिळते आणि विकतानाही तेवढेच देते. आणि 'पुढे महाग होईल' म्हणून आज सगळेच जी गोष्ट सीलबंद ठेवतायत, तिचं काय होतं ते १९९५ च्या फिगरनी दाखवून दिलंय.

एक प्रश्न मात्र प्रत्येक जमवणाऱ्याला कधीतरी पडतोच. समोरच्या आजीबाईंनी नातवाची जुनी खेळणी टबात मांडली आहेत. त्यात व्हिनाइल झग्याचा अस्सल जावा आहे आणि त्यांना त्याची किंमत माहीत नाही. त्या म्हणतात, "कोणतंही घे, एक डॉलर." काय करायचं?

काही जण म्हणतात, बाजार आहे, पहाटे उठून आलो, ओळखायची अक्कल वर्षं घालवून कमावली, मग त्याचा फायदा माझा. काही जण तिथेच सांगून टाकतात आणि योग्य भाव देऊन घेतात. कायदा पहिल्याला अडवत नाही. पण हा छंद चालतो तो विश्वासावर. ज्याने आज आजीबाईंना अंधारात ठेवलं, त्यालाच उद्या कुणीतरी कापलेला झगा अस्सल म्हणून विकणार आहे.

म्हणून पुढच्या वेळी घर आवरताना तळाशी एखादा हात तुटलेला सैनिक सापडला तर भंगारात टाकण्याआधी त्याच्या पायामागे, पाठीवर काय लिहिलंय ते बघा. मग खोक्याचा तळ चाचपा. बंदूक तिथेच कुठेतरी असेल. आणि समजा त्याची किंमत शंभर रुपयेही निघाली नाही, तरी एवढं नक्की कळेल की कुणीतरी त्याच्याशी मनसोक्त खेळलं होतं.